गुरे, सरपण आणि धूर: आफ्रिकेच्या दक्षिण भागातील एका जुन्या वादाचा आढावा

प्रदेश आणि प्रश्न

झांबेझीच्या खोऱ्यापासून केपच्या टोकापर्यंतच्या प्रदेशात झांबिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया, लेसोथो, एस्वातिनी आणि दक्षिण आफ्रिका हे देश येतात; अंगोलाही सहसा त्यांच्यातच धरला जातो. पश्चिमेला वाळवंट, पूर्वेला पावसाळी डोंगरउतार आणि मधे अफाट सॅव्हाना, म्हणजे गवत आणि झाडे एकाच रानात नांदणारी भूमी, असे त्याचे स्थूल रूप आहे. खेड्यातले जीवन मका आणि गुरे यांवर चालते. दक्षिण आफ्रिकेतील विद्युतीकरण झालेला भाग सोडला, तर बहुसंख्य घरांत स्वयंपाक आजही लाकडावर किंवा लोणारी कोळशावर होतो.

ही भूमी माणसाच्या भाराखाली खंगत चालली आहे, ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. कधी ती गुरांविषयी असते: जमीन पोसू शकेल त्यापेक्षा ती जास्त झाली आहेत. कधी झाडांविषयी: चुलींसाठी होणारी तोड त्यांच्या वाढीला मागे टाकते आहे. अलीकडे तिच्यात हवामानाचा मुद्दा मिसळला आहे. गुरांच्या पोटातला मिथेन, वणव्यांचा धूर आणि कोळशाच्या वीजकेंद्रांतील कार्बन डायऑक्साइड यांचा हिशोब आता आंतरराष्ट्रीय करारांनुसार द्यावा लागतो.

पशुसंवर्धन, वने आणि ऊर्जा ही खाती वेगळी असल्याने या तिन्ही प्रश्नांचा अभ्यासही वेगवेगळा वाढला. रानात मात्र ते एकमेकांत गुंतलेले आहेत. गुरांनी गवत खाल्ले की वणव्याला जळण उरत नाही. वणवा थांबला की झुडपे माजतात, गवत आणखी घटते, आणि त्याच वेळी सरपण वाढते व लाकडात कार्बनही साठतो. एका खात्याच्या वहीत जो तोटा लिहिला जातो तोच दुसऱ्याच्या वहीत जमेला दिसतो. या वादातील बरीचशी मतभिन्नता कोणती वही उघडली आहे यावर अवलंबून आहे, आणि याची दखल जितकी घ्यायला हवी तितकी घेतली गेलेली नाही.

वसाहतकाळाचा वारसा

1887च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी एरिट्रियात उतरवलेल्या, भारतातून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडीचा रोग आफ्रिकेत शिरला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 1896 मध्ये त्याने झांबेझी ओलांडली आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत अनेक भागांत दहापैकी नऊ गुरे मेली. रानरेडे आणि कुडूसारखी हरणेही पटापट मेली. रक्त पिण्यासाठी जनावरेच न उरल्याने कित्येक ठिकाणी त्सेत्से माशी मागे हटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसाहतींच्या अधिकाऱ्यांनी जी गुरे मोजली ती या संहारातून उरलेली होती. त्यानंतर कळप सावरत गेले तेव्हा ती वाढ अधिकाऱ्यांना बेसुमार वाटली, यात नवल नाही.

त्याच काळात जमिनीची वाटणी झाली. दक्षिण आफ्रिकेच्या 1913च्या भूमी कायद्याने देशातील सुमारे 7 टक्के जमीन आफ्रिकी लोकसंख्येसाठी राखली. 1936 मध्ये हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास नेले गेले. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, 1930च्या कायद्याने अशीच विभागणी केली. राखीव भागांत माणसे आणि गुरे दाटीने राहू लागली, आणि मग त्या भागांची धूप हा शासकीय चिंतेचा विषय झाला. गोऱ्या शेतकऱ्यांवरही ठपका आला होता. 1923च्या दक्षिण आफ्रिकी दुष्काळ चौकशी आयोगाने कोल्ह्यांच्या भीतीने मेंढ्यांना रोज रात्री वाड्यात आणण्याच्या त्यांच्या पद्धतीला दोष दिला, कारण जाण्या-येण्यात कळप जमीन तुडवीत. मात्र सक्ती वाट्याला आली ती राखीव भागांच्या. 1939पासून तेथे ‘सुधारणा’ योजना आल्या: विखुरलेली घरे उठवून एका जागी वसवणे, चराऊ रानांना कुंपणे घालणे, गुरांची संख्या जबरदस्तीने घटवणे. विट्झीशूक या राखीव भागात गुरे कमी करण्याच्या या मोहिमेला झालेला विरोध 1950 मध्ये रक्तपातापर्यंत गेला. ऱ्होडेशियातील 1951चा जमीन व पशुधनविषयक कायदाही लोकक्षोभामुळे दशकभरात गुंडाळावा लागला.

लेसोथो हे या काळातील सर्वांत चर्चिलेले उदाहरण. तेथील डोंगरउतारांवरच्या खोल घळी पाहून गुरांची अती संख्या हे कारण जवळपास गृहीत धरले गेले. केट शॉवर्स यांनी 2005च्या आपल्या ग्रंथात वेगळा निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते रस्ते, नांगरटीचा विस्तार आणि खुद्द मृदसंधारणासाठी बांधलेले चुकीचे समतल बांध यांनी पाणी एकवटले आणि अनेक घळी त्यातून पडल्या. हे स्पष्टीकरण सगळ्या घळींना लागू पडत नाही. पण धूप दिसली की गुरांकडे बोट दाखवण्याची सवय त्यामुळे सैल झाली.

दक्षिण आफ्रिकेतील कारूच्या अर्धवाळवंटाबाबतही असेच झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन ॲकॉक्स यांनी 1953 मध्ये कारूची खुरटी झुडपे ईशान्येकडील गवताळ प्रदेशात सरकत आहेत असे नकाशांसह मांडले, आणि पुढील पिढीच्या धोरणांचा पाया त्यावर रचला गेला. 1990 मध्ये टिम हॉफमन आणि रिचर्ड काउलिंग यांनी जुनी प्रवासवर्णने व छायाचित्रे तपासून या सरकण्याविषयीच शंका उपस्थित केली. पूर्व कारूतील गवत पावसाबरोबर ओसरते आणि परतते, असे त्यांना दिसले. या चर्चेला दुसरी बाजूही आहे. डब्ल्यू. आर. जे. डीन आणि इयन मॅकडोनाल्ड यांनी 1994 मध्ये दाखवले की केप प्रांताच्या कोरड्या भागांत शतकभरात दर हेक्टरी पोसल्या जाणाऱ्या जनावरांची संख्या खूपच घटली होती, आणि जमिनीची कुवत खालावल्याचे ते लक्षण असू शकते.

गुरे किती म्हणजे जास्त

अती चराईचा शास्त्रीय आधार म्हणजे धारणक्षमतेची कल्पना. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मांडणीनुसार प्रत्येक हवामानात वनस्पतींची एक परिपक्व अवस्था असते. चराई तिला मागे ढकलते, विश्रांती पुढे आणते. मग हेक्टरी किती जनावरे ठेवावीत याचा एक ठरावीक आकडा काढता येतो. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांच्या ‘सामायिक मालमत्तेची शोकांतिका’ या निबंधाने त्याला सामाजिक जोड दिली: गायरान सर्वांचे असेल तर प्रत्येक जण एकेक जनावर वाढवतच राहील.

या दोन कल्पनांचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक बोट्स्वानात झाले. 1975च्या आदिवासी चराई भूमी धोरणाने कालाहारीतील सामायिक रानांचा काही भाग कुंपणबंद गोपालन-क्षेत्रे म्हणून भाडेपट्ट्याने देण्यास सुरुवात केली. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. त्याच वर्षीच्या लोमे करारामुळे युरोपची बाजारपेठ उघडली आणि पुढे बोट्स्वानाच्या गोमांसाला वर्षाकाठी 18,916 टनांचा सवलतीचा कोटा मिळाला. कूपनलिकांमुळे, पूर्वी फक्त पावसाळ्यात चरता येणाऱ्या वाळूच्या प्रदेशात बारमाही गुरे राहू लागली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीस देशातील गुरे 30 लाखांच्या घरात होती, माणसे दहा लाखांच्या आसपास.

परिणाम अपेक्षेप्रमाणे झाले नाहीत. पट्टे मिळालेले बडे मालक आपल्या रानातले गवत संपले की गुरे पुन्हा सामायिक रानात सोडत; दोन्हीकडे चरण्याचा हा हक्क धोरणात बंद केलाच गेला नव्हता. रिकामी जमीन म्हणून जी रंगवली गेली तिच्यावर प्रत्यक्षात बासार्वा शिकारी-संकलक आणि गरीब गुराखी राहत होते. ‘माफिसा’ या रूढीनुसार, म्हणजे दूध आणि नांगरटीच्या मोबदल्यात दुसऱ्याची गुरे सांभाळण्याच्या आपल्याकडच्या अर्धेलीसारख्या व्यवस्थेनुसार, गरीब कुटुंबांना मिळणारा आधारही पातळ झाला. युरोपची अट पाळण्यासाठी, लाळ्या-खुरकूत रानरेड्यांकडून गुरांत येऊ नये म्हणून, लांबच लांब कुंपणे उभारली गेली होती. 1958चे कुके कुंपण त्यांतले प्रसिद्ध. 1960च्या आणि 1980च्या दशकांतील दुष्काळांत पाण्याकडे निघालेली हजारो विल्डेबीस्ट या कुंपणांच्या आसपास मेली. या प्रदेशात पशुपालनाने वन्यजीवनावर घातलेला सर्वांत निर्विवाद घाव कदाचित हाच, आणि त्यात गुरांनी खाल्लेल्या गवताचा वाटा नव्हता.

कूपनलिकांभोवतीच्या ऱ्हासाबद्दल फारसा मतभेद नाही. पाण्याच्या जागेलगत जमीन उघडी आणि तुडवलेली, त्याबाहेर काटेरी झुडपांचे कडे, आणि काही किलोमीटरांवर पुन्हा गवत, अशी वर्तुळे कालाहारीत सगळीकडे दिसतात. वाद आहे तो यापुढे: ही वर्तुळे वाढत जाऊन एकमेकांना मिळतात, की पाण्यापासूनचे अंतर गुरांना आपोआप थोपवते?

1980च्या दशकाच्या अखेरीस धारणक्षमतेच्या मुळालाच हात घातला गेला. केनियातील तुर्काना भागात काम करणाऱ्या जिम एलिस आणि डेव्हिड स्विफ्ट यांनी 1988 मध्ये मांडले की जिथे पाऊस वर्षागणिक प्रचंड बदलतो तिथे गवत किती वाढेल हे गुरे ठरवत नाहीत, पाऊस ठरवतो. दुष्काळ कळप कापून काढतो आणि ते पुन्हा वाढून जमिनीला भारी होण्याआधी पुढचा दुष्काळ येतो. 1993 मध्ये रॉय बेन्के, इयन स्कून्स आणि कॅरोल केर्वन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने ही ‘असंतुलना’ची मांडणी आफ्रिकेच्या धोरणचर्चेत आणली. झिंबाब्वेतील सामायिक रानांवर काम केलेल्या स्कून्स यांनी ओलसर सखल पट्ट्यांचे महत्त्व दाखवले: कोरड्या दिवसांत सारा कळप त्या थोड्या जागेवर तगतो, म्हणून साऱ्या रानाची सरासरी काढून काही कळत नाही. या मतानुसार गुरे घटवण्याच्या सक्तीपेक्षा ती हलवण्याचे स्वातंत्र्य, आणि दुष्काळ दिसताच विकण्याची सोय, जास्त उपयोगी. शिवाय गुरे मांसासाठीच नसतात. नांगर, शेणखत, दूध, अडीनडीची पुंजी आणि ‘लोबोला’, म्हणजे वधूच्या घरी द्यायचे धन, हे सारे त्यांच्यावर चालते. मांस-उत्पादनासाठी योग्य ठरणारी संख्या या सगळ्यासाठी योग्य असेलच असे नाही.

अँड्र्यू इलियस आणि टिम ओ’कॉनर यांनी 1999 मध्ये यावर भक्कम आक्षेप घेतला. कोरड्या दिवसांत कळपाला तगवणारे जे सखल पट्टे असतात, तिथे गुरे आणि चारा यांचे संतुलनाचे नाते असतेच आणि तिथे ऱ्हास होऊ शकतो. शिवाय अशा पट्ट्यांमुळे किंवा विकतच्या चाऱ्यामुळे कळप दुष्काळात टिकला, तर पाऊस परतताच उरलेल्या रानावर तो आधीपेक्षा जास्त दाब आणतो. मार्क वेस्टोबी, ब्रायन वॉकर आणि इम्मान्युएल नॉय-मायर यांच्या 1989च्या मांडणीने मधला मार्ग दिला. तिच्यानुसार रान अनेक स्थिर अवस्थांमध्ये असू शकते; पाऊस, आग आणि चराई यांच्या विशिष्ट जुळणीतून ते एका अवस्थेतून दुसरीत उडी घेते आणि मग सहजासहजी परतत नाही. आज बहुतेक अभ्यासक कोरड्या टोकाला पावसाचे आणि ओलसर टोकाला गुरांचे पारडे जड मानतात. धोरणे मात्र बहुतेक देशांत जुन्या हेक्टरी आकड्यांवरच चालतात.

या चर्चेच्या कडेला, पण लोकप्रियतेत सर्वांच्या पुढे, झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी आहेत. गुरे कमी करण्याऐवजी ती मोठ्या दाट कळपांत, रानटी कळपांप्रमाणे सतत हलती ठेवली तर खुरांनी जमीन मोकळी होते, शेणमुताने सकस होते आणि वाळवंटीकरण उलटते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 2013च्या त्यांच्या भाषणानंतर ते जगभर पोचले. नियंत्रित प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या डेव्हिड ब्रिस्के आदी संशोधकांना फिरत्या चराईचा असा सातत्यपूर्ण फायदा आढळलेला नाही. समर्थकांचे उत्तर असे की प्रयोगांत वेळापत्रक आधीच ठरवलेले असते, तर ही पद्धत गुरेवाल्याच्या रोजच्या निर्णयावर चालते. हा बचाव तर्काला धरून आहे. मात्र त्यामुळे दावा तपासण्याची सोयच फारशी उरत नाही.

झुडपांची वाढ

वाळवंट पसरण्याच्या भीतीने सुरू झालेल्या चर्चेला गेल्या काही दशकांत एका उलट दिसणाऱ्या घटनेने ग्रासले आहे. नामिबियात काळ्या काट्यांची बाभूळवर्गीय झुडपे, भारतातील कोरड्या वनांतही आढळणारी डायक्रोस्टॅकिस आणि मोपाने यांनी गवताळ रान व्यापले आहे. आधीचे अंदाज 2 कोटी 60 लाख हेक्टरांचे होते, नंतरचे साडेचार कोटींपर्यंत गेले. 2004च्या एका राष्ट्रीय अहवालाने मांस-उत्पादनातील यामुळे होणारी घट वर्षाला सुमारे 70 कोटी नामिबियन डॉलर धरली.

कारणांबाबत दोन मुख्य बाजू आहेत. जुने स्पष्टीकरण हाइनरिश वॉल्टर यांचे: गवताची मुळे वरच्या थरातले पाणी घेतात, झाडांची खालच्या, गुरांनी गवत संपवले की पाणी खाली झिरपते आणि झुडपांचे फावते. त्याला आगीची जोड दिली जाते, कारण शेतमालक वणवे विझवतात आणि चरलेल्या रानात ते पेटतही नाहीत. पाने-फांद्या खाणारे हत्ती आणि हरणेही शेतांवरून नाहीशी झाली. या मतानुसार दोष व्यवस्थापनाचा आहे आणि उपायही त्यातच आहे.

दुसरी बाजू विल्यम बाँड आणि गाय मिजली यांनी मांडली. हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळापूर्वीच्या दशलक्ष भागांत 280वरून आता 420च्या पुढे गेला आहे. याचा लाभ झाडांना गवतापेक्षा जास्त होतो. वणव्यात वरचा भाग जळालेले रोप मुळांतल्या साठ्यावर आता लवकर उंची गाठते आणि पुढच्या वणव्याच्या ज्वाळांच्या वर निघून जाते. या मताला बळ देणारा एक अभ्यास क्वाझुलू-नाताळमधला आहे. बेंजामिन विगली, बाँड आणि हॉफमन यांनी 1937 ते 2004 दरम्यानची हवाई छायाचित्रे तपासली. अभयारण्य, खासगी गोपालन-क्षेत्र आणि सामायिक रान, तिन्हीकडे झाडी वाढलेली होती. व्यवस्थापन इतके भिन्न असताना कल एकच, म्हणजे कारण स्थानिकापलीकडचे असावे. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: शेळ्या आणि सरपणतोड असलेल्या सामायिक रानात वाढ सर्वांत कमी होती. ज्या वापराला शंभर वर्षे ऱ्हासाचे कारण म्हटले गेले, तोच येथे गवताळ रान राखताना दिसतो. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात 1954पासून चालू असलेले जाळण्याचे प्रायोगिक तुकडे आग काय करू शकते हे दाखवतात. पण आग, चराई आणि कार्बन डायऑक्साइड यांचा प्रत्येकी वाटा किती, हे अजून वेगळे काढता आलेले नाही.

सरपण आणि लोणारी कोळसा

1975 मध्ये एरिक एकहोम यांनी सरपणाच्या टंचाईला ‘दुसरे ऊर्जासंकट’ म्हटले. खनिज तेलाच्या दरवाढीने हादरलेल्या जगाने ते उचलून धरले. पुढील दशकात देशोदेशींसाठी एकाच पद्धतीचे हिशोब मांडले गेले: दरडोई सरपण गुणिले लोकसंख्या हा खप, वनांची वार्षिक वाढ हा पुरवठा, आणि दोहोंतली तूट झाडांच्या साठ्यातून वजा. लोकसंख्या वाढत जाते तशी तूट फुगते आणि एका विशिष्ट वर्षी शेवटचे झाड तुटते. उपाय म्हणून सरपणासाठी लागवडी आणि सुधारित चुली आल्या. लागवडींतील बरेच लाकूड पुढे इमारतीचे वासे-खांब म्हणून विकले गेले, कारण त्याला सरपणापेक्षा चांगला भाव होता.

ती वर्षे आली आणि गेली. जेरल्ड लीच आणि रॉबिन मर्न्स (1988) व पीटर ड्यूईस (1989) यांनी हिशोबाच्या चुका दाखवल्या. खेड्यातले सरपण बहुतांशी वाळक्या फांद्या, शेतासाठी साफ केलेल्या जमिनीवरचे लाकूड आणि बांधावरची झाडे यांतून येते. वनांच्या नोंदीत यांतले बरेच नसतेच. लाकूड लांब गेले की लोक ते जपून वापरतात, दुसरे जळण शोधतात, झाडे लावतात. आणि तोडलेले झाड मरत नाही. झांबिया, मलावी, झिंबाब्वे, मोझांबिक व अंगोलात पसरलेल्या मिओम्बो वनांतील मुख्य झाडे बुंध्यापासून व मुळांपासून जोमाने फुटवे धरतात. झांबियाचे इमान्युएल चिदुमायो यांच्या दीर्घ अभ्यासांत कोळशासाठी साफ तोडलेली मिओम्बो वने, नंतर नांगरली गेली नाहीत तर, दोन-तीन दशकांत पुन्हा उभी राहताना दिसली. वन कायमचे जाते ते मुख्यतः शेतीमुळे, असे या बाजूचे म्हणणे.

दक्षिण आफ्रिकेतील बुशबकरिज भागातील अनुभव दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. 1990च्या दशकातील एका अभ्यासाने वेल्व्हरडीन्ड या गावाभोवतीचे लाकूड थोड्याच वर्षांत संपेल असे भाकीत केले. ते संपले नाही. पण नंतरच्या पाहण्यांत गावालगतचे वन विरळ झालेले, मोठी झाडे गेलेली आणि फुटवे परिपक्व होण्याआधीच तोडले जात असलेले दिसले. लोक लांब जाऊ लागले होते आणि ऐपत असलेले विकत घेऊ लागले होते. संकट कोसळले नाही. ते बायकांच्या डोक्यावरच्या मोळीत आणि पायपिटीत जिरले. राष्ट्रीय सरासरीत ते दिसत नाही.

वीज आल्याने प्रश्न सुटेल ही अपेक्षाही याच भागात तपासली गेली. 1990च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतील सुमारे एक तृतीयांश घरांत वीज होती. आज ती बहुसंख्य घरांत आहे, आणि 2003पासून गरीब कुटुंबांना महिन्याला 50 युनिट मोफत मिळतात. तरी वीज पोचून दशक उलटल्यावरही पाहणी केलेल्या गावांत बहुतेक घरे सरपण वापरतच होती. दिवा आणि दूरचित्रवाणी विजेवर, ‘पाप’, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, शिजवणे लाकडावर, अशी वाटणी झाली. लाकूड फुकट असते, वीज आणि शेगडी विकत घ्यावी लागते.

शहरांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जास्त वेगाने बिघडतो आहे. कोळसा लाकडापेक्षा हलका, धूर कमी, लांबून आणायला परवडणारा, म्हणून लुसाका, ब्लँटायर, लिलाँग्वे, मापुतोच्या चुली त्यावर चालतात. मातीने लिंपलेल्या भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण पाच ते दहा किलो लाकूड लागते. मलावीत 95 टक्क्यांहून जास्त घरे लाकडावर किंवा कोळशावर स्वयंपाक करतात आणि कोळसा पाडायला परवाना लागतो, जो जवळजवळ कोणाकडेच नसतो. तरीही 2007च्या एका अभ्यासाने या धंद्याची उलाढाल चार कोटी अमेरिकी डॉलरांवर, म्हणजे देशाच्या चहाउद्योगाच्या जवळपास नेली. बंदीने धंदा थांबला नाही. चौक्यांवरच्या वसुलीचा खर्च किमतीत मिसळला. टेकड्या उघड्या पडल्या की गाळ शिरे नदीत उतरतो, वीजनिर्मिती अडखळते, आणि दिवे गेले की शहर आणखी कोळसा घेते. जानेवारी 2022 मध्ये ॲना वादळाने कापिचिरा जलविद्युत केंद्राचे नुकसान केले तेव्हा आणि 2024च्या दुष्काळात करिबा जलाशय आटल्याने झांबिया अंधारात गेला तेव्हा हेच चक्र दिसले. झिंबाब्वे आणि मलावीत तंबाखू सुकवण्यासाठी लागणारे लाकूड हा आणखी एक स्वतंत्र भार आहे, आणि सरपणाच्या चर्चेत तो नेहमी मोजला जातोच असे नाही.

वणवे, मिथेन आणि हिशोबाच्या पद्धती

प्रदेशाच्या एकूण उत्सर्जनात दक्षिण आफ्रिकेतील कोळशाचे वर्चस्व आहे. तेथील विजेचा चार पंचमांशाहून अधिक भाग कोळशातून येतो आणि म्पुमलांगा प्रांतातील हवेच्या प्रदूषणावर 2022 मध्ये न्यायालयाने सरकारला दोषी धरले. हा भाग तांत्रिकदृष्ट्या वादाचा नाही; तो पैशाचा आणि राजकारणाचा आहे. उर्वरित देशांच्या हिशोबात मात्र शेती, पशुधन आणि जमीनवापर हेच मोठे घटक आहेत आणि तेथे आकड्यांपेक्षा गृहीतके जास्त बोलतात.

आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या 2006च्या मार्गदर्शिकेत आफ्रिकेतील दुधाळ नसलेल्या गुरामागे वर्षाला 31 किलो मिथेन हा ठोकळ दर आहे. शतकभराच्या मोजपट्टीवर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट धरला तर एका गुराचे हे उत्सर्जन 840 किलोंच्या घरात जाते. वीस वर्षांच्या मोजपट्टीवर ते जवळपास अडीच टन होते. कोरड्या दिवसांत अर्धपोटी राहणारे कालाहारीतले खोंड आणि फ्रीस्टेटमधल्या गोठ्यात मक्यावर पोसलेला बैल यांना एकच दर लावणे सयुक्तिक नाही, म्हणून दक्षिण आफ्रिकेने स्वतःचे, बहुतांशी चढे, दर काढले. इतर देश बराच काळ ठोकळ दरावरच राहिले.

तुलना कशाशी करायची, यावर खरा वाद आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या हिशोबात मांसाच्या दर किलोमागे आफ्रिकी पशुपालनाचे उत्सर्जन जगात उच्च दिसते, कारण जनावरे हळू वाढतात आणि म्हातारी होईपर्यंत ठेवली जातात. त्यावरून कमी पण अधिक उत्पादक गुरे ठेवण्याची शिफारस निघते. स्कून्स आणि त्यांचे सहकारी विचारतात की नांगर, खत आणि विमा यांचे श्रेय या भागाकारात कुठे आहे. पाब्लो मन्सानो आणि शॅनन व्हाइट यांनी 2019 मध्ये आणखी मूलभूत मुद्दा काढला: गुरे काढून घेतली तर त्या रानात वन्य तृणभक्षी आणि वाळवी येतील, आणि त्यांचेही मिथेन असते. बुळकांडीपूर्वीच्या कळपांचा हिशोब कोणी ठेवलेला नसल्याने हा प्रश्न सोडवणे सोपे नाही.

वणव्यांचेही तसेच. जगात दरवर्षी जळणाऱ्या क्षेत्रापैकी सुमारे 70 टक्के आफ्रिकेत असते. 1992च्या आणि 2000च्या ‘सफारी’ संशोधन मोहिमांनी या प्रदेशातील धूर हवाई आणि जमिनीवरील उपकरणांनी तपासला. गवताच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसाळ्यातले गवत परत घेते, म्हणून हिशोबात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरले जातात. 2021 मध्ये अधिक सूक्ष्म उपग्रहचित्रांनी दाखवले की जुन्या नकाशांतून लहान आगी निसटत होत्या. 2016 सालचे आफ्रिकेतील जळालेले क्षेत्र सुमारे 80 टक्क्यांनी जास्त निघाले. दुसरीकडे, शेती आणि गुरे वाढत जातात तसे गवताळ प्रदेशांतले जळणारे क्षेत्र एकंदरीत घटते आहे. म्हणजे चराईमुळे एका रकान्यात मिथेन वाढतो आणि दुसऱ्यात कमी होतो.

झाडांतील कार्बनबाबत 2018 मध्ये इयन मॅकनिकोल, केसी रायन आणि एडवर्ड मिचर्ड यांचा रडार उपग्रहांवर आधारित अभ्यास आला. 2007 ते 2010 या काळात या प्रदेशातील वनांचा ऱ्हास आधीच्या अंदाजांपेक्षा बराच जास्त होता, पण इतर ठिकाणच्या वाढीने तो जवळजवळ भरून निघाला. दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना त्यात आपले म्हणणे सापडले. झुडपांच्या वाढीमुळे नामिबिया आपल्या अधिकृत नोंदींत कार्बन सोडणाऱ्यापेक्षा शोषणारा देश म्हणून दिसतो. तोच देश ती झुडपे तोडून कोळसा करून युरोपला विकतो आणि गवत परत आणण्याचा कार्यक्रमही राबवतो.

उपायांची स्थिती

सुधारित चुली हा सर्वांत जास्त पैसा खेचणारा उपाय आहे. मलावीत स्थानिक मातीची ‘चितेतेझो म्बाउला’ चूल मोठ्या प्रमाणावर पोचली. आरोग्याच्या बाजूने निकाल निराशाजनक आहे. दहा हजारांहून अधिक लहान मुलांचा समावेश असलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलावीतील चाचणीत पंख्याच्या अधिक स्वच्छ चुलींनीही न्यूमोनिया घटला नाही. कचरा जाळणे, तंबाखू आणि शेजारचा धूर यांतून मुलांच्या फुप्फुसात काजळी जातच होती. लाकूड वाचते याबद्दल फारसे दुमत नाही, किती वाचते याबद्दल आहे. कार्बन बाजारात चुलींचे श्रेय ‘वापरलेल्या लाकडापैकी पुन्हा न उगवणारे किती’ या गुणोत्तरावर ठरते. या देशांसाठी वर्षानुवर्षे 80 टक्के किंवा त्याहून जास्त दर वापरला गेला. रॉब बेलिस आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये जगभरासाठी काढलेले प्रमाण 27 ते 34 टक्के होते. 2024 मध्ये ॲनलीस गिल-वील, डॅनियल कॅमेन आणि बार्बरा हाया यांनी तपासलेल्या प्रकल्पांत श्रेय सरासरी नऊ पटींहून अधिक फुगवलेले आढळले. सरपणसंकटाच्या जुन्या, टाकून दिलेल्या हिशोबाने असे मागच्या दाराने बाजारात पुनरागमन केले.

वृक्षलागवडीवरही वाद आहे. 2015च्या पॅरिस परिषदेत सुरू झालेल्या आफ्रिकी पुनर्वनीकरण उपक्रमाचे उद्दिष्ट 2030पर्यंत 10 कोटी हेक्टर आहे. बाँड आणि त्यांच्या मताचे परिस्थितिकीतज्ज्ञ आक्षेप घेतात की नकाशावर उघडे दिसणारे रान म्हणजे उद्ध्वस्त वन नव्हे. ती मूळची गवताळ भूमी आहे आणि तिचा बराचसा कार्बन जमिनीखाली असतो. वन खात्यांचे उत्तर असे की उपक्रमात शेतबांध, फुटव्यांची जोपासना आणि चराऊ रानांचे पुनरुज्जीवनही धरलेले आहे.

अनिर्णित बाबी

जमिनीतील कार्बनाची मोजमापे विरळ आहेत आणि चराईचा त्यावरील परिणाम मातीच्या पोतानुसार उलटसुलट निघतो. उपग्रहावरून हिरवाई वाढलेली दिसते. पण ती गवताची की काट्यांची, हे जमिनीवर जाऊन पाहिल्याशिवाय ठरत नाही. कोनराड वेसेल्स आदींनी दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडील जुन्या राखीव भागांचा अभ्यास केला तेव्हा हिरवाई कमी, पण दुष्काळानंतर शेजारच्या शेतांइतकीच सावरणारी आढळली. अशा जमिनीला खालावलेली म्हणावे की वेगळ्या पातळीवर स्थिरावलेली, यावर एकमत नाही. तापमान वाढेल तसा कालाहारीच्या कडेचा पाऊस घटेल असे बहुतेक प्रारूपे सांगतात, तर वाढता कार्बन डायऑक्साइड झाडांना साथ देतो. या दोहोंची बेरीज कोणत्या रानात कुठे झुकेल हे माहीत नाही. पॅरिस करारानुसार दर दोन वर्षांनी द्यायच्या अहवालांमुळे आता प्रत्येक देशाला पशुधन, वणवे, सरपण आणि झुडपे एकाच तक्त्यात मांडावी लागतात. त्या तक्त्यात झुडपांची वाढ जमेला धरायची आणि त्यामुळे गेलेले गवत कोणत्या रकान्यात लिहायचे, याचा नियम अजून ठरलेला नाही.